'द सोशल नेटवर्क' पुन्हा पाहिला. यात आपण कुठे आहोत?

सांजवात | शनिवार, रात्री ११:५२

परवा लेकाला घेऊन 'द सोशल नेटवर्क' बघितला, मार्क झकरबर्गने फेसबुक कसं काढलं त्याचा सिनेमा. लेक दहावीत आहे, त्यामुळे 'घेऊन' म्हणजे तो सोफ्याच्या एका टोकाला आणि मी दुसऱ्या. सिनेमा आला तेव्हा, २०१० साली, नवऱ्याबरोबर थेटरात पाहिला होता. बाहेर पडताना आमचं एकमत झालं होतं, की पोरगं हुशार, पण मित्राचा केसाने गळा कापला. झालं. घरी येऊन दोघांनी आपापलं फेसबुक उघडलं आणि सिनेमा बघून आल्याचं स्टेटस टाकलं. त्यात काही विनोदी आहे हे तेव्हा अजिबात जाणवलं नाही.

या वेळी तासाभराने लेक म्हणाला, "आई, यात कोणी फेसबुक बघतच नाहीये."

"अरे, सिनेमा त्याच्यावरच आहे की!"

"बनवतायत. भांडतायत. केस करतायत. पण कोणी बसून बघतंय का? स्क्रोल करतंय का?"

तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय. हार्वर्डची खोली, वकिलांची टेबलं, पार्ट्या, होड्या, सगळं आहे. फक्त आपण नाही. शेजारच्या खोलीत सासूबाईंच्या फोनवर एक बाई भाजणीच्या चकलीला मोहन किती घालायचं ते सांगत होती. 'तुमच्या सिनेमाचा आवाज कमी करा,' असा हुकूमही तिथूनच आला. त्या चकलीचा आणि त्या हार्वर्डच्या खोलीचा संबंध नक्की कुठे जुळला?

तर दोन प्रश्न. ज्यांनी हल्ली पुन्हा पाहिलाय त्यांना कसा वाटला? आणि तुमच्या घरात हे सगळं कुठल्या दाराने आत आलं?

बदलापूर स्लो | रविवार, सकाळी ७:१०

चांगला धागा. पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे. सविस्तर प्रतिसाद कल्याणच्या पुढे जागा मिळाल्यावर.

काळी दोन | रविवार, सकाळी ९:३४

माझ्या मते दिग्दर्शक फिंचरचा सर्वात घट्ट विणलेला सिनेमा. सॉर्किनची पटकथा १६० पानांच्या वर होती. एरवी पानाला मिनिट असा हिशेब धरतात, पण सिनेमा बरोबर दोन तासांत संपतो. कारण सगळे जण गाडी सुटायच्या बेतात असल्यासारखे बोलतात. पहिलाच प्रसंग बघा. मार्क आणि त्याची मैत्रीण एरिका एका बारमध्ये बसलेत, पाचेक मिनिटं नुसतं बोलणं, आणि शेवटी ती त्याला सोडून जाते. त्या प्रसंगाचे म्हणे ९९ टेक झाले. मार्क झालेल्या जेसी आयझेनबर्गच्या चेहऱ्यावरचा वैताग खरा वाटतो तो उगीच नाही.

आणि संगीत! ट्रेंट रेझनर आणि ॲटिकस रॉस. मार्क बारमधून हॉस्टेलकडे चालत जातो तेव्हा वर पियानोचे मोजके सूर आणि खाली काहीतरी गुरगुरतंय. पोरगा नुसता चालतोय, पण आपल्याला कळतं की आता काहीतरी वाईट होणार. ऑस्कर तीन मिळाले, रूपांतरित पटकथा, संकलन आणि संगीत. सर्वोत्कृष्ट चित्रपट मात्र 'द किंग्ज स्पीच'ला. अजून जिव्हारी लागलंय.

सांजवात, लेकाला शाबासकी द्या, पण एक दुरुस्ती. बघणारी एक आहे. मार्कचा मित्र आणि भागीदार एडुआर्डो, त्याची मैत्रीण. त्याने प्रोफाइलवर 'सिंगल' बदललं नाही म्हणून ती भांडते आणि त्यानेच आणलेला स्कार्फ पेटवून देते. अख्ख्या सिनेमात फेसबुक वापरणारी म्हणून ठळकपणे दिसते ती हीच, आणि तिला वेडी दाखवलीय.

निवांत माऊ | रविवार, सकाळी १०:०२

तो स्कार्फ! मी आता ३८ वर्षांची आहे आणि आता मला ती बाई अजिबात वेडी वाटत नाही :)

आळशी उंट | रविवार, सकाळी १०:४७

मी प्रोग्रॅमर आहे, तेव्हा थोडं वेगळं बोलतो. सिनेमात कोडिंग दाखवतात तेव्हा एरवी आम्ही डोळे मिटून घेतो. हिरवी अक्षरं वरून खाली पडतात, कोणीतरी 'आय ॲम इन' म्हणतं. इथे फेसमॅश (दोन मुलींचे फोटो शेजारी लावून मत द्यायची त्याची आधीची साइट) बनवतानाची बडबड खरी आहे, कुठल्या हॉस्टेलच्या सर्व्हरवरून फोटो कसे खेचले ते जवळपास जसंच्या तसं. कारण ते त्याने त्या रात्री खरोखर लिहून ठेवलं होतं. ऑक्टोबर २००३. काही तासांत साडेचारशे लोक आले आणि २२ हजार वेळा मतं पडली. आज हा आकडा एखाद्या मांजराच्या रीलला लाजवणार नाही, पण कॉलेजचं नेटवर्क त्याने आडवं झालं होतं.

खिडकीवर लिहिलेलं सूत्र बुद्धिबळातलं, खेळाडूंची क्रमवारी लावायचं एलो रेटिंग. (एलो हे लघुरूप नाही, अर्पाड एलो नावाच्या माणसाचं आडनाव आहे. बुद्धिबळवाल्यांनी चिडू नये म्हणून आधीच सांगतो.) खेळाडूंसाठी बनवलेलं गणित मुलींच्या फोटोंना लावलं. 'आपण कुठे आहोत' असं विचारलंत ना सांजवात? आपण त्या फोटोंत आहोत. न विचारता खेचलेले आणि जोडी-जोडीने लावलेले.

बाकी मुलीने नकार दिला म्हणून फेसबुक काढलं हे सॉर्किनचं नाटक. एरिका नावाची बाई नव्हतीच. प्रिसिला चॅनशी त्याची ओळख २००३ मध्येच झाली होती आणि पुढे लग्नही तिच्याशीच. झकरबर्गने स्वतः सिनेमाबद्दल तक्रार केली ती अशी, की माझे टी-शर्ट आणि जाकिटं मात्र अगदी अचूक घेतलीत, पण माणूस नुसती गंमत म्हणून काहीतरी बनवतो हे यांना समजतच नाही. इथे मी त्याच्या बाजूने आहे. रात्री तीन वाजता कोणी कोड लिहीत असेल तर त्यामागे मुलगीच असते असं नाही. बहुतेकदा दुपारी झोपलेला असतो.

खेकडा | रविवार, सकाळी ११:१५

म्हणजे गंमत म्हणून बनवलं आणि आता त्याचा चार्ज आमच्याकडून वसूल.

सगळे एक गोष्ट विसरतायत. सिनेमात जाहिराती कोणाला हव्या असतात? एडुआर्डोला! बिचारा न्यूयॉर्कमध्ये चपला झिजवत जाहिराती मिळवायला फिरतो आणि मार्क म्हणतो छे, जाहिराती म्हणजे मजा गेली. एडुआर्डो त्यात मागासलेला ठरतो. आणि एप्रिल २०१८ मध्ये हाच मार्क सूट-टाय घालून अमेरिकन सिनेटपुढे बसला. एका म्हाताऱ्या सेनेटरने विचारलं, लोक पैसे देत नाहीत तर तुमचा धंदा चालतो कसा? उत्तर, 'सेनेटर, आम्ही जाहिराती चालवतो.' वर हलकं हसू. एडुआर्डो सिंगापुरात हे बघत असेल तर त्याने टीव्हीला काहीतरी फेकून मारलं असणार.

कोर्टाची पायरी | रविवार, दुपारी १:२०

थोडी कायद्याची बाजू. पुष्कळ जणांना वाटतं सिनेमात कोर्ट दाखवलंय. कोर्ट नाहीच. त्या दोन वेगवेगळ्या दाव्यांतल्या जबान्या आहेत, वकिलांच्या टेबलाशी घेतलेल्या. एक एडुआर्डोचा, दुसरा 'फेसबुकची कल्पना आमची' म्हणणारे विंकलव्हॉस जुळे आणि दिव्य नरेंद्र यांचा. संकलन असं केलंय की प्रश्न एका खोलीत आणि उत्तर दुसऱ्या खोलीत. आमच्या तालुक्याच्या कोर्टातही असंच चालतं, फक्त मध्ये सहा वर्षं जातात.

जुळ्यांची तडजोड २००८ मध्ये साडेसहा कोटी डॉलरवर झाली. त्यातले दोन कोटी रोख, उरलेले शेअर. मग आम्हाला शेअरची किंमत चुकीची सांगितली म्हणून पुन्हा भांडायला गेले. २०११ मध्ये अपील कोर्टाने सांगितलं की भांडणाला कुठेतरी शेवट हवा आणि तो आला आहे. हे वाक्य मी फ्रेम करून ऑफिसात लावणार होतो, पण मग खायचं काय?

(त्याच वर्षी, म्हणजे २००८ मध्ये, दोघे बीजिंग ऑलिंपिकमध्ये वल्हवत होते. सहावे आले. सिनेमात दोन्ही भावांचा चेहरा आर्मी हॅमरचाच आहे, हे मला दुसऱ्यांदा बघताना कळलं.)

टेक्सासची कैरी | रविवार, दुपारी १:५५

आणि दिव्य नरेंद्र? भारतीय वंशाचा माणूस, आणि त्याचं काम मॅक्स मिंगेला या ब्रिटिश नटाला दिलं. नट चांगला आहे, त्याच्याशी माझं भांडण नाही. पण अमेरिकेत त्या वयाचा एक देशी नट सापडू नये? मी तेव्हा इथे शिकत होते. आमच्या वर्गात अर्धे देशी, अर्धे चिनी. हॉलिवूडवाले कुठल्या अमेरिकेत राहतात कोण जाणे.

अवांतर: हार्वर्डने आवारात शूटिंग करू दिलं नाही. जे हार्वर्ड म्हणून दिसतं ते बरंचसं बाल्टिमोरचं जॉन्स हॉपकिन्स आहे. माझा नवरा तिथे शिकलाय. त्यामुळे आमच्या घरी सिनेमा दर पाच मिनिटांनी थांबतो. 'त्या खांबाशी मी सायकल लावायचो.'

बदलापूर स्लो | रविवार, दुपारी ३:४०

जागा मिळाली. (रविवार आहे हो. माहेरी निघालेली बायको आणि दोन बॅगा सोबत आहेत.)

प्रश्न दुसरा, कुठल्या दाराने. आमच्याकडे आलं ते ऑर्कुटच्या दाराने, आणि माझ्या वयाच्या निम्म्या महाराष्ट्राकडे तसंच आलं असेल. ऑर्कुट २४ जानेवारी २००४ ला सुरू झालं, फेसबुक ४ फेब्रुवारीला. बघा, अकरा दिवसांचा फरक! ऑर्कुट ब्युक्कोक्टेन नावाचा गूगलचा इंजिनिअर, त्याने स्वतःचंच नाव देऊन टाकलं. त्याच्यावर कोणी सिनेमा काढला नाही, कारण त्याने कोणाचा गळा कापला नाही.

२००६ साल. स्टेशनबाहेर पहिल्या मजल्यावर कॅफे, तासाला वीस रुपये, अर्ध्या तासाचे बारा. प्लायवूडची खोपटी, वर पंखा, आणि कीबोर्डवरचं 'ए' पार पुसून गेलेलं. मालक वहीत नाव लिहून घ्यायचा. पहिली दहा मिनिटं पान उघडण्यात जायची. मग स्क्रॅपबुक. लोक चक्क दुसऱ्याच्या भिंतीवर गप्पा मारायचे आणि तिसरा येऊन वाचायचा. मित्रांना मार्क द्यायचे, विश्वासू असेल तर हसरे चेहरे, कूल असेल तर बर्फाचे खडे, आणि बदाम. मला अडीच बदाम होते. अर्धा कोणी दिला याचा शोध मी दोन वर्षं घेत होतो.

आणि टेस्टिमोनिअल! मित्राला चहा पाजून आपल्याबद्दल चांगलं लिहून घ्यायचं. माझ्या एका मित्राने लिहिलं होतं, 'हा मनाने फार चांगला आहे पण माझे दीडशे रुपये परत कर.' ते स्वीकारलं तरच दिसायचं. मी स्वीकारलं नाही. पैसेही दिले नाहीत.

तिथे आपण होतो बरं का सांजवात. ऑर्कुटवर कोण आपलं पान बघून गेलं ते दिसायचं. म्हणजे बघणाऱ्याला निदान थोडी लाज बाळगावी लागायची. पुढे फेसबुकवर कोणीही गुपचूप बघून जायला लागलं, आणि त्या दिवशी काहीतरी बिघडलं असं माझं प्रामाणिक मत आहे. ३० सप्टेंबर २०१४ ला ऑर्कुट बंद झालं. माझा अर्धा बदाम गेला.

निवांत माऊ | रविवार, दुपारी ३:५८

अर्धा बदाम मी दिला होता असं म्हणून टाकू का? बायको सोबत आहे म्हणालात ना :D

बदलापूर स्लो | रविवार, दुपारी ४:०१

माऊताई, हात जोडतो. ती खांद्यावरून वाचतेय.

आळशी उंट | रविवार, संध्या. ५:३०

बदलापूर, लाजेचा मुद्दा भारी आहे. सांजवात यांचा लेक जे म्हणाला त्याचं उत्तरही त्याच्या आसपासच आहे. सिनेमातली गोष्ट संपते तेव्हा स्क्रोल करण्यासारखं काही नव्हतंच! तोवर फेसबुक म्हणजे एकेकाच्या पानावर स्वतः जाऊन बघायची गोष्ट. न्यूज फीड आलं सप्टेंबर २००६ मध्ये. सगळ्यांच्या घडामोडी एका खाली एक, आपोआप तुमच्यापुढे. लोक भयंकर चिडले, निषेधाच्या ग्रुपांत लाखोंनी सामील झाले. आणि निषेध इतक्या झपाट्याने पसरला कशामुळे? न्यूज फीडमुळेच. ज्याच्याविरुद्ध ओरडत होते त्यानेच त्यांचा आवाज पोचवला. त्याच महिन्यात तेरा वर्षांवरच्या कोणालाही खातं उघडायला परवानगी मिळाली. लाइकचं बटण फेब्रुवारी २००९ मध्ये.

आमच्या धंद्यातल्या माणसाच्या नजरेने खरा सिनेमा २००६ पासून सुरू होतो. पण त्यात कोणी कोणावर केस केली नाही, स्कार्फ जाळला नाही. एका मीटिंगमध्ये कोणीतरी म्हणालं असेल, 'लोक जास्त वेळ थांबतायत.' बाकीच्यांनी माना डोलावल्या असतील. याच्यावर सॉर्किन काय लिहिणार?

पायरी नाही हापूस | रविवार, संध्या. ६:४५

देवगडहून लिहितोय. तुमचं सगळं वाचलं. सिनेमा बघितलेला नाही, पण दाराचं सांगतो.

आमच्याकडे हे वाशीच्या दाराने आलं. वडील पेटी ट्रकात चढवायचे आणि दलालाच्या पट्टीची, म्हणजे विक्रीच्या हिशेबाची, वाट बघायची. पट्टी यायची जूनमध्ये. हमाली, तोलाई, आडत, भाडं, आणि 'माल डागी निघाला' म्हणून कापलेले पैसे. माल डागी होता की नव्हता हे बघायला कोण जातंय तिथे? २०१३ साली भाच्याने फेसबुकवर पान काढून दिलं. मोहोर आला की फोटो, कणी धरली की फोटो, तुडतुड्याची कीड पडली की तिचाही फोटो. लोकांना तो तुडतुड्याचा फोटो फार आवडला! म्हणाले, हा माणूस खोटं बोलत नाही. त्या वर्षी चाळीस पेट्या थेट गेल्या, पुण्यात आणि नाशकात. आता सगळं व्हॉट्सॲपवर. गिऱ्हाईक अढीतल्या आंब्याचा फोटो पाठवून विचारतं, 'काका, आज कापू की उद्या?' मी फोटोत देठाजवळचा रंग बघून सांगतो. वाशीत बसून हे सांगणारं कोणी नव्हतं.

तेव्हा बाईनू, सगळंच वाईट म्हणून गळे काढू नका.

खेकडा | रविवार, संध्या. ७:०५

काका, तुमच्या आंब्याला कोण नावं ठेवेल. पण मला सांगा, २०१० च्या आसपास तुमच्याच गावातले चाकरमानी मुंबईत बसून फार्मव्हिलमध्ये वांगी लावत नव्हते का? माझा सख्खा भाऊ रात्री दोनचा गजर लावून स्ट्रॉबेरी काढायला उठायचा, नाहीतर सुकायच्या. आमची खरी जमीन त्या वेळी पडीक होती. आईने एकदा विचारलं, एवढ्या रात्री कोणाचं शेत? म्हणे, 'आपलंच.'

पायरी नाही हापूस | रविवार, संध्या. ७:१२

हा हा हा. आमच्या भाच्याने मला पण गाय पाठवली होती त्यात. मी विचारलं दूध किती देते.

पांझराकाठ | रविवार, रात्री ९:२५

हसण्यावारी चाललंय म्हणून थांबलो होतो, पण लिहितोच. मी धुळ्याचा.

१ जुलै २०१८. साक्री तालुक्यातलं राईनपाडा, आठवडे बाजाराचा दिवस. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण भिक्षा मागायला आले होते, बहुतेक सोलापूरकडचे, मंगळवेढ्याचे. मुलं पळवणारी टोळी फिरतेय असे मेसेज महिनाभर फोनाफोनांवर फिरत होते. त्यातल्या एकाने एका लहान मुलीशी बोलायचा प्रयत्न केला म्हणे, आणि जमावाने त्यांना धरलं. ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून पाचही जणांना मारून टाकलं.

मी तेव्हा धुळ्यात दुकानात बसायचो. घटनेच्या आठवडाभर आधी तो मेसेज मलाही आला होता. दोन ग्रुपांवरून. मी तो पुढे पाठवला का? नाही. पण खोटा आहे असं लिहिलं का? तेही नाही. वाचला, अंगठ्याने वर सरकवला आणि गिऱ्हाइकाला सुतळी मोजून दिली.

त्यानंतर त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी मेसेज पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. ज्याच्या फोनमध्ये मेसेज आधीच येऊन पडला आहे त्याच्याबद्दल काही नाही, आणि काय असणार म्हणा.

इथे फीड नव्हतं, लाइक नव्हतं, जाहिरात नव्हती. उंटसाहेब, तुम्ही म्हणता खरा सिनेमा २००६ पासून. आमचा वेगळाच आहे. त्यात हार्वर्डचं कोणी नाही.

सांजवात | रविवार, रात्री ९:५०

पांझराकाठ, लिहिलंत ते बरं केलंत. सुतळीचं वाक्य वाचून फोन खाली ठेवला होता थोडा वेळ.

आळशी उंट | रविवार, रात्री १०:१८

मान्य. व्हॉट्सॲप फेसबुकने घेतलं २०१४ मध्ये, १९०० कोटी डॉलरला. तेव्हा आम्ही ऑफिसात चर्चा करत होतो की इतके पैसे कशाचे. कोणीही म्हणालं नव्हतं की गावागावातल्या ओळखीपाळखीचे.

कोर्टाची पायरी | रविवार, रात्री १०:४०

पांझराकाठांच्या नंतर लगेच लिहायला जड जातंय, पण आपल्याकडच्या दुसऱ्या टोकाचीही आठवण ठेवा. पालघर, नोव्हेंबर २०१२. बाळासाहेब ठाकरे गेले, मुंबई बंद. एका मुलीने फेसबुकवर लिहिलं की हा बंद आदरापोटी नाही, भीतीपोटी आहे. तिच्या मैत्रिणीने ते लाइक केलं. दोघींना अटक. तिच्या काकांच्या दवाखान्याची मोडतोड झाली. पुढे गुन्हा मागे घेतला गेला, पण ज्या कलमाचा हा वापर झाला ते माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६अ रद्द व्हायला २४ मार्च २०१५ उजाडला.

अटक झालेली दुसरी मुलगी काही बोललीच नव्हती. फक्त अंगठा. तेव्हा उंटांनी वर लाइकच्या बटणाची तारीख दिलीय ती माझ्या लेखी फार महत्त्वाची आहे. बारा वर्षं झाली तरी मी अशील समोर बसला की पहिलं विचारतो, काय लिहिलंय ते नंतर, कशाकशाला अंगठा दिलाय ते सांगा.

खेकडा | रविवार, रात्री १०:५५

यावर एक प्रतिक्रिया देणार होतो. देत नाही. धाग्याचा काश्मीर होईल.

संपादक | रविवार, रात्री ११:०५

आभार, खेकडा. कृपया चर्चा राजकारणाकडे नेऊ नये. दोन प्रतिसाद अप्रकाशित केले आहेत.

कृष्णाकाठची | सोमवार, दुपारी १२:१५

उशिरा आले. कोणी मोहित्यांचे वडगावबद्दल लिहिलंय का बघत होते. आमच्या सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात. २०२२ पासून तिथे रोज संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजतो. भोंगा झाला की घरोघरी टीव्ही आणि मोबाइल बंद, दीड तास. पोरांनी अभ्यासाला बसायचं.

माझी मावशी त्याच भागातली, ती बघून आली. म्हणाली, पोरं वह्या उघडून बसतात ते ठीक, पण पहिल्या दिवसांत मोठ्यांचीच गंमत झाली. काय करावं कळेना. पुरुष ओट्यावर येऊन नुसते बसायचे. बायकांची मालिका बुडायची. लाइट गेल्यासारखं सगळं गाव बाहेर, पण लाइट तर आहे.

सांजवातताई, तुमच्याकडे भोंगा कोण वाजवणार?

सांजवात | सोमवार, दुपारी १:०२

सासूबाई. आणि त्यांचाच मोबाइल चालू राहणार.

काळी दोन | सोमवार, दुपारी २:३०

भरकटलेला धागा थोडा ओढून आणतो. सॉर्किन पुढचा भाग काढतोय, 'द सोशल रेकनिंग'. या वेळी दिग्दर्शनही त्याचंच. फ्रान्सिस हॉगन या कंपनीतल्या बाईने २०२१ मध्ये आतली कागदपत्रं बाहेर काढली, त्यावर. मार्क म्हणून जेरेमी स्ट्राँग. कंपनीला आपल्या उत्पादनाचे दुष्परिणाम आतून माहीत होते का, हा त्या कागदपत्रांचा गाभा. उंट म्हणतात ती मान डोलावण्याची मीटिंग कदाचित यात दिसेल.

आणि एक राहिलंच. शेवटचं दृश्य कोणीच काढलं नाही. सगळे वकील निघून गेलेत, मार्क एकटा लॅपटॉपपुढे. एरिकाचं पान उघडतो, फ्रेंड रिक्वेस्ट पाठवतो, आणि मग रिफ्रेश. पुन्हा रिफ्रेश. सांजवात, लेकाच्या तक्रारीचं खरं उत्तर मला आत्ता सुचतंय. बसून बघणारा आहे की! बनवणाराच. सिनेमा जिथे संपतो तिथे तो आपल्यासारखा होतो.

लेक काय म्हणाला शेवटावर? आणि तुमची स्वतःची पहिली रिक्वेस्ट कोणाला होती?

सांजवात | सोमवार, रात्री ११:२०

लेक म्हणाला, "मेसेज करायचा ना डायरेक्ट." त्यांच्या पिढीला रिक्वेस्ट म्हणजे जुन्या काळची पत्रिका दाखवण्यासारखं वाटतं. फेसबुकवर तर तो नाहीच. 'ते आजीचं आहे' म्हणतो.

माझी पहिली रिक्वेस्ट, हे आठवायला लागलं नाही, पण सांगायला लाज वाटते. २००९ साली खातं उघडलं आणि पहिली पाठवली होती कॉलेजच्या मैत्रिणीला. हॉस्टेलला तीन वर्षं एका खोलीत होतो. शेवटच्या वर्षी वार्षिक अंकाच्या संपादकपदावरून बिनसलं, ते तसंच राहिलं. रिक्वेस्ट पाठवली, ती तिने ना स्वीकारली ना नाकारली. मी बरेच दिवस उघडून बघायचे. आत्ता तुम्ही विचारलंत म्हणून शोधली. सोळा वर्षं झाली, अजून तिथेच आहे.

आता गंमत ऐका. तीन वर्षांपूर्वी तिची मुलगी माझ्या लेकाच्याच शाळेत आली आणि आम्ही दोघी पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आलो. तेव्हापासून ती रोज सकाळी सहा-दहाला ग्रुपवर दवबिंदू असलेला गुलाब टाकते, 'सुप्रभात'. मीही हात जोडलेलं चित्र टाकते. शाळेच्या गॅदरिंगला समोरासमोर आलो तर तिने गणिताच्या क्लासचं विचारलं, मी सांगितलं.

रिक्वेस्टचा विषय मी काढला नाही. तिनेही नाही.

निवांत माऊ | सोमवार, रात्री ११:३१

अगं, उद्या सहा-दहाला ग्रुपवर हात जोडू नकोस. तिला वेगळा मेसेज कर, "गुलाब बास. चहाला ये."

सांजवात | सोमवार, रात्री ११:४४

टाइप करून खोडलंय दोनदा.

बदलापूर स्लो | मंगळवार, सकाळी ६:२५

सहा-दहा होऊन गेले. काय झालं? आम्ही इथे रिफ्रेश करतोय.

पायरी नाही हापूस | मंगळवार, सकाळी ७:०३

त्यांना वेळ द्या. तोवर ज्यांनी व्यक्तिगत निरोप पाठवून विचारलं त्यांना सांगतो, पेटी पाच डझनाची, मार्चअखेर पहिली तोड, आणि यंदा तुडतुडा आहे. फोटो पाठवतो.